नवी बॅटरी घेण्याआधी: जुन्या ट्रकचं चार्जिंग कसं तपासावं

जुन्या ट्रकनं सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उचलला नाही, की पहिलं नाव बॅटरीचं निघतं. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर तेच सांगतो, दुकानदारही तेच सांगतो, आणि मालक नवी जोडी टाकून मोकळा होतो. काही दिवस गाडी झकास चालते, मग पुन्हा तोच प्रकार. कळंबोली, तुर्भे, तळोजा, भिवंडी या पट्ट्यात एक-दोन गाड्यांवर संसार चालवणारे कितीतरी लोक आहेत. नुसत्या अंदाजापायी त्यांचे पैसे जाताना बघून जीव तुटतो. दोष बहुतेक वेळा सापडण्यासारखा असतो, आणि तो शोधायला लागणाऱ्या साध्या डिजिटल मल्टिमीटरचा खर्च बॅटरीच्या जोडीपुढे काहीच नाही.

नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुरू होते, म्हणजे जुनीच वाईट होती असं वाटतं. फसगत इथेच होते. जुन्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप यांत्रिक असतो. एकदा इंजिन सुरू झालं की चालत राहायला त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं मशीन, पूर्ण मेलेला असला, तरी दुकानातून भरून आणलेल्या बॅटरीवर गाडी दिवस-दिवस फिरते. उन्हाळ्यात, दिवसाच्या फेऱ्यांत, कुणाला पत्ताही लागत नाही. पाऊस लागला, हेडलाइट आणि वायपर एकत्र चालू झाले, की मग कळतं. तोवर ती नवी बॅटरीही बिघडायला लागलेली असते. बॅटरी अर्धवट रिकामी राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं, ते वेळेत उतरलं नाही तर कडक होतं, आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी भरत नाही.

वीज कुठून येते, कुठे जाते

बॅटरीचं मुख्य काम इंजिन सुरू करून देणं. त्यानंतर सगळा भार ऑल्टरनेटर उचलतो: दिवे, वायपर, हॉर्न, आणि सेल्फनं बॅटरीतून उपसलेली वीज परत भरणं. ऑल्टरनेटरच्या आत रोटर फिरतो. त्याच्या वेटोळ्यात वीज सोडली तरच तो चुंबक बनतो, आणि ही वीज दोन छोट्या कार्बनांमधून (रोटरला घासून चालणारे ब्रश) त्याच्यापर्यंत पोचते. रोटर फिरला की भोवतीच्या स्टेटरमध्ये वीज तयार होते, पण ती एसी असते. बॅटरीला डीसी लागते, म्हणून डायोड प्लेटवरचे डायोड तिला एकाच दिशेला वळवतात. रोटरला किती वीज द्यायची हे रेग्युलेटर ठरवतो आणि त्यातून व्होल्टेज आवाक्यात ठेवतो.

आता डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंग लाइट. चावी फिरवली की बॅटरीची वीज या दिव्यातून जाऊन रोटरला पहिला जोर देते. ऑल्टरनेटर स्वतः वीज करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा सर्किटचाच एक भाग आहे. बल्ब उडाला तर बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑल्टरनेटरला सुरुवातच मिळत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच चार्जिंग चालू होतं. डॅशबोर्ड चकाचक करताना त्या जागी एलईडी बसवला तरी हेच होतं, कारण दोन-तीन वॉटच्या बल्बमधून जेवढी वीज जाते तेवढी एलईडीतून जात नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी आख्खा ऑल्टरनेटर खोलला जातो, तो असा.

मीटर लावायच्या आधी

पहिल्यांदा सुरक्षितता. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्यामुळे विडी-सिगारेट लांब, ठिणगी लांब. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना चुकून पॉझिटिव्ह टर्मिनल आणि चेसिस यांच्यामध्ये टेकला तर तो लालबुंद होईपर्यंत वेळ लागत नाही. टर्मिनल सोडताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम पाठच करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ओट (दगड किंवा ठोकळा) लावलेली. गळ्यातला गमछा बेल्टच्या आसपास नको.

मग चावी फिरवा, सेल्फ मारू नका. चार्जिंग लाइट लागला? लागला तर दिव्याचं सर्किट आणि कार्बन बहुधा ठीक आहेत. लागलाच नाही तर ऑल्टरनेटरवरची बारीक वायर काढा. त्या जागी बहुतेक वेळा डी प्लस, एल किंवा आयएनडी लिहिलेलं असतं. वायरचं टोक क्षणभर चेसिसला टेकवा. दिवा लागला तर वायर आणि बल्ब चांगले, दोष ऑल्टरनेटरच्या आत, आणि झिजलेले कार्बन हा पहिला संशय. तरीही लागला नाही तर ऑल्टरनेटरला हातही लावू नका, फ्यूज, बल्ब आणि वायर बघा. ही चाचणी फक्त त्या बारीक वायरवर करायची. जाड वायर, म्हणजे बी प्लस, थेट बॅटरीला जोडलेली असते. ती चेसिसला लागली तर आग.

इंजिन चालू असताना लाइट पूर्ण पेटलेला राहिला, तर चार्जिंग नाही. अंधारात मंद लुकलुकत असेल, तर डायोडवर किंवा जोडण्यांवर लक्ष ठेवा. लाइट विझला म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र धरून चालू नका. चार्जिंग जास्त होत असेल किंवा जाड वायरच तुटकी असेल, तरीही तो विझलेला राहू शकतो.

बेल्ट हातानं बघा, अर्थात इंजिन बंद असताना. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण दहा-बारा मिलिमीटर खाली जायला हवा. कडा आरशासारख्या चमकत असतील तर बेल्ट घसरतोय. व्ही बेल्ट पुलीच्या दोन्ही बाजूंना धरून चालतो. झिजून तो खाचेच्या तळाला टेकला, तर कितीही ताणा, पकड येत नाही. पावसात सुरुवातीला किंचाळणारा बेल्ट हेच सांगत असतो. उलट तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलात तर ऑल्टरनेटरची बेअरिंग जाते.

इथे एक गोष्ट जीवाशी निगडित आहे, म्हणून थोडं थांबतो. १९८६ पासून रस्त्यावर असलेल्या टाटा ४०७ सारख्या हलक्या डिझेल गाड्यांत बऱ्याचदा ऑल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि ब्रेकच्या बूस्टरला त्याच्यावरच ताकद मिळते. चालत्या गाडीत चार्जिंग लाइट लागला आणि ब्रेक दगडासारखा कडक झाला, तर बेल्ट तुटलाय असं समजा. थोड्या वेळात इंजिनही तापू शकतं, कारण पाण्याचा पंप अनेकदा त्याच बेल्टवर असतो. घोडबंदरला गायमुखचा उतार असो किंवा मुंब्रा बायपास, गाडी लगेच बाजूला घ्या. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार नको. याच व्हॅक्यूम पंपाचं सील गेलं की इंजिन ऑइल ऑल्टरनेटरमध्ये शिरतं आणि कार्बन तेलकट होतात. अशा वेळी नुसते कार्बन बदलून चालत नाही. सील बदललं नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच.

तीन आकडे

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. बारा व्होल्टच्या गाडीला २० ची रेंज, चोवीसच्या, म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मोठ्या गाडीला २०० ची. टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. का, ते पुढे येईलच.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्यायचा. नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगवून दिसतो. हेडलाइट मिनिट-दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग बघा. बारा व्होल्टच्या बॅटरीत १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. लोक १२ बघून खूश होतात, पण ती बॅटरी उपाशी असते.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं मीटर बघायचा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली घसरत असेल, चोवीसच्या गाडीत साधारण १९ च्या खाली, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. बॅटरी आधीच उतरलेली असेल तर या चाचणीला अर्थ नाही. चार्जरवर पूर्ण भरा आणि मगच तिच्याबद्दल मत बनवा. दुकानातली लोड टेस्टही भरलेल्या बॅटरीवरच करायला सांगा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणारी नळी) सहाही खणांचं पाणी तपासून घ्या. पाच खण १.२४ च्या आसपास आणि एकच १.१५ वर असेल, तर तो खण गेला, बॅटरी बदलावीच लागेल. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी नुसती भुकेली आहे, आणि तिला उपाशी ठेवणारा दुसरीकडे आहे.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, मध्यम रेस देऊन. बारा व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५, चोवीसच्या गाडीत २७.६ ते २९. मग हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं लावा. आकडा किंचित उतरेल, पण १३.५ किंवा २७ च्या वर टिकायला हवा. इंजिन चालू करूनही आकडा बंद असतानाइतकाच राहिला, तर चार्जिंग होतच नाही. १५ किंवा ३० च्या वर चढत गेला तर रेग्युलेटर सुटलाय. अशा गाडीत बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब भराभर उडतात. अशी गाडी चालवत राहू नये.

दोष वायरीत असतो तेव्हा

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात, आणि विशेषतः उरण-न्हावा शेवा पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांत, मशीनपेक्षा वायरीचा आणि अर्थचा (चेसिसमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेचा) दोष जास्त भेटतो. १९८९ साली तिथलं बंदर सुरू झालं तेव्हापासून हजारो गाड्या खारी हवा, दमटपणा आणि पावसाळ्यातला चिखल रोज खात आल्या आहेत. तांब्याला हिरवट, टर्मिनलला पांढरी भुकटी आणि चेसिसच्या बोल्टाखाली गंज. बाहेरून वायर धडधाकट दिसते. आत, लगच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी, शंभर तारांतल्या मोजक्याच शिल्लक असतात.

अशी वायर टेस्ट लॅम्पनं पकडता येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या गंजक्या पाइपचं बघा. नळ बंद असताना प्रेशर पूर्ण दिसतं, आणि नळ सोडला की धार करंगळीएवढी. वायरीचंही तसंच आहे, जोवर तिच्यातून मोठा करंट जात नाही तोवर दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखंच दिसतं. म्हणून तपासायचं ते भार असताना, आणि वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

कृती सोपी आहे. इंजिन चालू, मध्यम रेस, हेडलाइट-वायपर लावलेले. मीटरचं एक टोक ऑल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. चोवीसच्या गाडीत ज्या बॅटरीतून वायर वर जाते, तिच्या. हातून पाना किंवा टोक निसटू देऊ नका, तिथे वीज जिवंत असते. मीटर जो आकडा दाखवेल तो वाटेत खाल्ला गेलेला व्होल्टेज. ०.३ पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर शोध सुरू करा. मग दुसरी बाजू: एक टोक ऑल्टरनेटरच्या धातूच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. इथे ०.२ पेक्षा जास्त नको.

आकड्याचा अर्थ किती गंभीर असतो ते बघा. ४० अँपिअर करंट जाताना जोडाला ०.०५ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला, तर २ व्होल्ट तिथेच संपतात आणि ८० वॉट उष्णता त्या एका जोडात तयार होते. ऑल्टरनेटर स्वतःच्या टोकावर १४.२ मोजून समाधानी राहतो आणि बॅटरीला १२.२ मिळतात. मिस्त्री ऑल्टरनेटर बेंचवर लावून बघतो, तो पास होतो, बॅटरीही पास होते, आणि गाडी तरीही दर सोमवारी सुरू होत नाही. रंग बदललेलं इन्सुलेशन, वितळलेला कनेक्टर, हात लावताच चटका देणारा जोड, या सगळ्या त्या ८० वॉटच्या खुणा.

आकडा जास्त आला की वाट तुकड्या-तुकड्यानं मोजत जा. खुंटी ते क्लॅम्प (म्हणून सुरुवातीला टोकं खुंटीवर टेकवायला सांगितलं), क्लॅम्प ते लग, मग बॅटरीचा मेन स्विच. हा मेन स्विच फार फसवतो. आतले संपर्क जळलेले असतात आणि वरून खटका अगदी ठणठणीत वाजतो. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारेल, दोष तिथे.

अर्थची बाजू लोक विसरतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चेसिसशी त्याची वीज जोडणारी एक तांब्याची जाळीदार पट्टी असते. कधी क्लच-गिअरबॉक्सचं काम करताना ती काढली जाते आणि परत बसवायची राहून जाते. मग सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो. सेल्फ मारताना अशी केबल गरम होत असेल, किंवा इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचे सगळे दिवे त्याच तालावर फडफडत असतील, तर अर्थ बघा. पट्टी बसवताना बोल्टाखालचा रंग आणि गंज काचपेपरनं घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. घासल्याशिवाय ग्रीस लावणं म्हणजे गंज झाकून ठेवणं. माझ्या मते खाऱ्या पट्ट्यातल्या गाडीला इंजिनापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जादा जाड अर्थ वायर टाकून घ्यावीच. खर्च किरकोळ आहे.

चोवीस व्होल्टच्या गाडीतली बारा व्होल्टची चोरी

मोठ्या ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात. केबिनमध्ये टेप, पंखा, मोबाइल चार्जर हवा असतो आणि वस्तू मिळते बारा व्होल्टची. मग सोपा उपाय म्हणून एकाच बॅटरीवरून वायर काढली जाते. हे काम जवळजवळ सगळीकडे असंच होतं आणि यातून जोड्याच्या जोड्या बाद होतात.

कारण असं. चार्जिंगचा करंट दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच जातो, आणि रेग्युलेटर फक्त दोन्हींची बेरीज बघतो. टेपवाली बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी भरलेलीच असते. चार्जिंगच्या वेळी भरलेली बॅटरी १५ व्होल्टपर्यंत चढून पाणी उकळू लागते आणि रिकामी १३ वर अडकून राहते. बेरीज २८. केबिनमध्ये मीटर असला तर काटा अगदी जागेवर. काही महिन्यांत एक बॅटरी सल्फेटनं मरते आणि दुसरी पाणी आटून. ड्रायव्हर म्हणतो, "शेट, एकच गेलीय, एकच बदलू." नवी बॅटरी जुनीच्या जोडीला बसते आणि असमतोल आणखी वाढतो.

म्हणून चोवीसच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, इंजिन बंद असताना आणि चालू असतानाही. चार्जिंगच्या वेळी दोघींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठेतरी मधूनच वायर काढलेली आहे का ते शोधा. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावून टेप-पंखा त्याच्यावर घ्या. बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात तयार झालेल्या.

बॅटरीची वायर काढून बघणं थांबवा

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली नाही तर ऑल्टरनेटर चांगला, ही चाचणी अजूनही सर्रास होते. जुन्या डीसी डायनामोच्या काळात ती निभावून गेली. ऑल्टरनेटरवर ती घातक आहे. बॅटरी हा त्या सगळ्या यंत्रणेचा आधार असतो. ती अचानक सुटली की रेग्युलेटरला सावरायला वेळ मिळत नाही आणि व्होल्टेज क्षणार्धात सामान्य पातळीच्या कितीतरी पट उसळी घेतं. डायोड, रेग्युलेटर, टेप, जे असेल ते जातं. शिवाय यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन तर ऑल्टरनेटर मेलेला असला तरी चालूच राहील, म्हणजे या चाचणीतून काही कळतही नाही. मीटरचा तिसरा आकडा तेच काम सुरक्षितपणे करतो.

डायोड

सहा मुख्य डायोडांपैकी एक उघडा पडला, म्हणजे आतून तुटला, तर चार्जिंग पूर्ण बंद होत नाही, कमी होतं. दिवसा पुरतं, रात्री पुरत नाही. हे ओळखायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीवर टेकवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसलं तर डायोडवर संशय घ्या. स्वस्त मीटर कधी डीसीलाच एसी समजतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून तेच मोजा. तेव्हा शून्य येत नसेल तर त्या मीटरवर ही चाचणी करू नका.

डायोड शॉर्ट झाला तर उलटं घडतं, बॅटरी रात्रभर ऑल्टरनेटरमधूनच रिकामी होत राहते. याला मीटरही लागत नाही. पहाटे, गाडी सुरू करायच्या आधी, ऑल्टरनेटरच्या बॉडीवर हात ठेवा. थंड इंजिनात तो एकटाच कोमट लागला तर गुन्हेगार सापडला.

तो थंड असेल आणि तरीही बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर सगळं बंद करून निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर अँपिअरवर ठेवून खुंटी आणि वायरीच्या मधे लावा. जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरहून जास्त दिसायला नको. दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडेल ते सर्किट धरा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, तो जळेल.

भार आणि रांग

कधी काहीच बिघडलेलं नसतं, फक्त हिशोब जुळत नाही. ऑल्टरनेटरच्या पट्टीवर त्याची अँपिअरची क्षमता लिहिलेली असते, पण ती पूर्ण रेसवरची. इंजिन ६००-७०० आरपीएमवर नुसतं चालू असताना त्याच्या बऱ्याच खालचा करंट मिळतो. बारा व्होल्टच्या गाडीत हेडलाइटची जोडी नऊ-दहा अँपिअर घेते. त्यात वायपर, पंखा, टेप, टपावरचे दिवे आणि सजावटीच्या पट्ट्या मिळवा. बंदराच्या गेटवर किंवा शिळफाट्याच्या कोंडीत गाडी तासन्‌तास गुरगुरत उभी असेल, तर बॅटरी भरण्याऐवजी उतरत असते. यार्ड ते बंदर अशा छोट्या फेऱ्या आणि दर फेरीत दोन-चार वेळा सेल्फ असेल, तरी तेच. अशा गाडीला आठवड्यातून एक रात्र बाहेरच्या चार्जरवर लावणं हा खरा उपाय, आणि रांगेत उभं असताना सजावटीचे दिवे बंद.

मिस्त्रीकडे जाताना

आकडे कागदावर लिहून न्या: बंद असताना, सेल्फ मारताना, भारासह चालू असताना, आणि दोन्ही बाजूंना वायरीत खाल्लेला व्होल्टेज. चांगल्या मिस्त्रीला ते बघून आनंदच होतो, त्याचा अर्धा वेळ वाचतो. ऑल्टरनेटर खोलला तर काढलेले कार्बन, डायोड प्लेट, बेअरिंग परत मागून घ्या. नुसते कार्बन गेले असतील तर आख्खं मशीन बदलायची गरज नाही, रोटरच्या तांब्याच्या कड्या खोल चरल्या नसल्या म्हणजे झालं. वाइंडिंग जळकट काळं दिसत असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नका. आणि नवं किंवा दुरुस्त मशीन बसल्यावर पैसे देण्याआधी तिसरा आकडा तिथेच, हेडलाइट लावून, त्याच्यासमोर मोजा. बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्जरवर भरून घ्या, कारण पूर्ण रिकामी जोडी भरायचं काम नव्या ऑल्टरनेटरवर टाकलं तर तो तासन्‌तास पूर्ण क्षमतेवर तापत राहतो.

बॉडीवर किंवा चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल, तर इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या आणि ऑल्टरनेटरच्या वायरी आधी सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थ केबल कामाच्या जागेला लागूनच पकडायला सांगा.